काउंटरवर विचारलेले प्रश्न लिहून ठेवता का? बाहेरच्या देशांतले ग्रंथपाल काय करतात?

लालबागची ग्रंथपाल

नमस्कार. मी लालबागमधल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. 'ब' वर्गाचं वाचनालय, चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, वर अभ्यासिका. माझ्याशिवाय एक लिपिक आणि एक शिपाई.

मार्चअखेर वार्षिक अहवाल लिहायला बसले की दर वेळी एकच गोष्ट खुपते. सभासद किती, देवघेव किती, नवे ग्रंथ किती, नियतकालिकं किती, कार्यक्रम किती. एवढं भरलं की अहवाल पूर्ण होतो. पण दिवसभर लोक काउंटरवर येऊन मला काय विचारतात, ते त्यात कुठेच नसतं. आणि माझं निम्मं काम तर तेच आहे.

गेल्या पावसाळ्यात एक आजोबा आले. सभासद नव्हते. गिरणीत साचेखात्यात होते, १९८२ च्या संपात काम सुटलं ते सुटलंच. गिरणी कामगारांच्या घरांसाठी कागद जमवत होते. त्यांच्या गिरणीचं नाव मधे बदललं होतं, ते कधी बदललं हे छापील कुठे दाखवता येईल, असं विचारत होते. आमच्याकडे वर्तमानपत्रांचे जुने बांधीव खंड नाहीत. मी त्यांना मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या दादर पूर्वेच्या संदर्भ विभागात पाठवलं, कोणत्या सालापासून बघायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. पुढे त्यांचा मुलगा काम झाल्याचं सांगून गेला. देवघेवीच्या आकड्यात या सगळ्याची नोंद शून्य, कारण पुस्तक एकही गेलं नाही.

नववीतली एक मुलगी आली. शरीरात होणाऱ्या बदलांवरचं पुस्तक तिला हवं होतं, पण घरी न्यायचं नव्हतं. बालविभागाच्या कपाटामागे खुर्ची ठेवून दिली, तिथे बसून तिने ते वाचलं. हीसुद्धा देवघेव शून्य.

आणि मग रोजचे ते प्रश्न. "त्यात एक विहीर असते बघा, आणि शेवटी ती बाई गाव सोडते. निळं कव्हर होतं." यावरून पुस्तक शोधायचं. बहुतेक वेळा सापडतं. कसं सापडलं ते माझ्या डोक्यात राहतं, आणि मी ही जागा सोडली की माझ्यासोबत जाईल. पुढच्या ग्रंथपालाला मी दाखल नोंदवही देईन, किल्ल्या देईन, शिक्के देईन. हे कसं देणार?

म्हणून विचारते. इतर देशांतले ग्रंथपाल आपल्या कामाबद्दल लिहितात का? कशा स्वरूपात? आणि माझ्यासारखीने मराठीतून लिहायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करावी?

निवृत्त, गोरेगाव

ताई, लिहाच. माझी सगळी नोकरी चर्चगेटच्या बाजूच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं संदर्भ विभागात. तुम्ही जे म्हणताय ते मला अगदी आतून माहीत आहे. तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर जपानमध्ये आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने देशभरातल्या ग्रंथालयांना जोडून एक सामाईक नोंदसंग्रह उभा केला आहे. २००२ मध्ये प्रयोग म्हणून सुरुवात झाली आणि २००५ पासून तो रीतसर चालू आहे. सार्वजनिक, विद्यापीठांची, शाळांची अशी सगळ्या प्रकारची ग्रंथालयं त्यात आहेत. वाचकाने काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, त्यासाठी कोणकोणती पुस्तकं पाहिली आणि कोणत्या वाटेने तिथवर पोचलो, हे ग्रंथपाल त्यात लिहितात. ही शोधाची वाट लिहून ठेवणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण दुसऱ्या गावातल्या ग्रंथपालाला उत्तरापेक्षा वाटच जास्त उपयोगी पडते. आणि जे प्रश्न सुटले नाहीत तेही ते नोंदवतात, न सुटलेले म्हणून, उघडपणे. आपल्याकडे न सापडलेलं कुणी लिहीत नाही. लिहायला हवं, कारण दुसऱ्या कुणाकडे त्याचं उत्तर असू शकतं.

तुमच्या विहिरीवाल्या पुस्तकालाही तिथे भावंडं आहेत. जपानच्या फुकुई प्रांताच्या ग्रंथालयाने २००७ पासून वाचकांनी चुकीची सांगितलेली पुस्तकांची नावं आणि त्यांवरून सापडलेली खरी पुस्तकं यांची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवायला सुरुवात केली. दहा लाख वेळा जगलेल्या मांजराचं तिथलं एक प्रसिद्ध चित्रपुस्तक आहे. ते कुणीतरी दहा लाख वेळा मेलेल्या मांजराचं म्हणून मागितलं. वाचक हसतात, पण ती यादी हसण्यासाठी केलेली नाही. पुढच्या वेळी तोच घोटाळा घेऊन कुणी आलं तर काउंटरवरच्या नव्या मुलीला पुस्तक चटकन सापडावं, यासाठी आहे. २०२१ मध्ये या यादीचं पुस्तक निघालं आणि ते तिथे खूप वाचलं गेलं. एका प्रांताच्या ग्रंथालयातल्या सेवकांनी काउंटरवर बसून जमवलेली ही सामग्री!

न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात २०१४ मध्ये एक जुनी पेटी सापडली. त्यात कार्डं होती, १९४० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची. घरात ऑक्टोपस पाळता येईल का? हत्ती पाठीमागे लागल्याचं स्वप्न पडलं तर त्याचा अर्थ काय? अठराव्या शतकातल्या इंग्रजी चित्रांत इतक्या खारी का दिसतात, आणि चित्रकाराला चावू नये म्हणून त्या माणसाळवल्या कशा? ज्या ग्रंथपालाने हे कार्डावर टिपून ठेवलं, त्याला त्या प्रश्नामागचं माणूस दिसलं होतं. नाहीतर तो उत्तर देऊन मोकळा झाला असता.

आता बगदाद. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे.

इराकचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागार एप्रिल २००३ मध्ये जाळलं गेलं आणि लुटलं गेलं. त्याच वर्षाच्या शेवटी साद इस्कंदर तिथे संचालक म्हणून आले. नोव्हेंबर २००६ ते जुलै २००७ या काळातली त्यांची रोजनिशी ब्रिटिश लायब्ररीने आपल्या संकेतस्थळावर छापली. मी ती वाचली तेव्हा नोकरीत होते आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना लोकलमध्ये तीच डोक्यात होती. त्यात शूरपणाची भाषणं नाहीत. आज कोण कामावर पोचलं, कोणाला कुठल्या पुलावर अडवलं, वीज किती वेळ नव्हती, कोणत्या सहकाऱ्याला धमकीमुळे घर सोडावं लागलं, कोणाच्या घरातलं माणूस मारलं गेलं. आणि त्याच पानावर, पाण्याने भिजलेल्या कागदपत्रांच्या दुरुस्तीचं काम कुठवर आलं. ५ मार्च २००७ ला ग्रंथालयाजवळच्या मुतनब्बी रस्त्यावर, म्हणजे बगदादच्या पुस्तकबाजारात, मोटारबॉम्ब फुटला आणि कितीतरी माणसं गेली. त्या दिवशी हवेत उडणाऱ्या कागदांबद्दल त्यांनी लिहिलं आहे. त्या रस्त्याचं नाव तोवर मी ऐकलं नव्हतं. आपल्या फोर्टातल्या पदपथांवरच्या पुस्तकवाल्यांपाशी थांबले की आता ते आठवतंच.

त्याच देशात बसऱ्याच्या मुख्य ग्रंथपाल आलिया मोहम्मद बेकर यांनी २००३ मध्ये युद्ध दारात आल्यावर शेजारच्यांच्या मदतीने सुमारे तीस हजार पुस्तकं हलवली. भिंतीपलीकडे उपाहारगृह होतं, भिंतीवरून पुस्तकं तिथे दिली. नंतर ग्रंथालयाची इमारत जळाली. त्यांची गोष्ट इतरांनी सांगितली, इस्कंदर यांनी आपली स्वतः लिहिली. मला दुसरं जास्त हवंसं वाटतं, कारण स्वतः लिहिताना ग्रंथपाल कामाचे बारकावे गाळत नाही.

केनियात १९९६ पासून उंटांवरून पुस्तकं जातात, कोलंबियात एक शिक्षक गाढवांवरून नेतात, नॉर्वेत 'एपोस' नावाची ग्रंथनौका १९६३ पासून २०२० पर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत होती. यांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात, त्यामुळे त्यात जास्त रेंगाळत नाही. पण अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगराळ भागातल्या बायकांबद्दल सांगायलाच हवं. मंदीच्या काळात, १९३५ पासून १९४३ पर्यंत, त्या घोड्यांवरून आणि खेचरांवरून पुस्तकं पोचवत. महिना २८ डॉलर पगार, जनावर स्वतःचं आणायचं. पुस्तकं अपुरी पडत, म्हणून फाटक्या मासिकांतली पानं कापून त्या चिकटवह्या तयार करत, त्यांत घरोघरून मिळालेल्या पाककृती आणि गोधड्यांचे नमुने घालत, आणि ती वही पुढच्या घरी वाचायला देत. कोपरे दुमडू नयेत म्हणून नाताळची जुनी भेटकार्डं खुणेसाठी वापरत. वाचकांकडून आलेलं ज्ञान पुन्हा वाचकांकडे नेणारी ती पुस्तकं ग्रंथपालांनीच केलेली होती.

तेव्हा सुरुवात कुठून करावी म्हणाल, तर एक दोनशे पानी वही घ्या. प्रश्न वाचकाच्याच शब्दांत लिहा, सुधारून नको. "निळं कव्हर" तर "निळं कव्हर". खाली कुठे शोधलं ते, आणि मिळालं की नाही ते. संगणकावर नंतर नेता येईल.

कार्यवाह, पश्चिम उपनगर

मी एका वाचनालयाच्या कार्यकारिणीत आहे. निवृत्तबाईंचं सगळं पटलं, तरी अडचण सांगतो. आमच्या ग्रंथपाल संध्याकाळी सहा ते आठ एकट्या काउंटरवर असतात, समोर रांग असते. दिवाळी अंकांच्या दिवसांत तर मान वर करायला सवड नसते. त्यांनी प्रत्येक प्रश्न लिहायचा म्हटलं तर रांगेतला माणूस खोळंबणार.

पण एक गोष्ट यातून मला दिसते आणि ती मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. आमची पुस्तकनिवड समिती प्रकाशकांच्या याद्या आणि वर्तमानपत्रांतली परीक्षणं बघून ठरवते. लोकांनी मागितलं आणि आमच्याकडे नव्हतं, याची यादी आमच्यापुढे कधी येतच नाही. मागणीपुस्तिका दोरीला बांधून ठेवली आहे, तीत तेच चार सभासद लिहितात. बोलून विचारणारे लिहीत नाहीत. ग्रंथपालांनी फक्त 'नव्हतं' एवढंच टिपलं तरी खरेदी बदलेल. त्यासाठी आठवड्यातून एक तास काउंटरवर दुसरं माणूस बसवायची तयारी समितीने दाखवायला हवी. ते काम आमचं, ग्रंथपालांचं नव्हे.

वैद्यकीय ग्रंथालय, परळ

एक गंभीर मुद्दा. लालबागच्या ताईंनी वर नववीतल्या मुलीबद्दल लिहिलं. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण लालबागच्या एका चाळीखालचं वाचनालय, इयत्ता, विषय, बसण्याची जागा, एवढं एकत्र आलं की शेजारणीला ओळख पटू शकते. वहीत ती नोंद अशी यावी: "घरी न नेता इथे वाचायचं पुस्तक, आरोग्य विषय. जागा दिली." इयत्ता नको, मुलगा-मुलगी नको, तारखेऐवजी नुसता महिना.

आमच्याकडे रुग्णांचे नातेवाईक येतात. कागदावर आजाराचं नाव लिहून आणतात आणि घडी घालूनच हातात देतात. कोण काय वाचतं हे कुणालाही न सांगणं हा आपल्या व्यवसायाचा पाया आहे. अमेरिकेत सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर जे कायदे झाले त्यांत ग्रंथालयांकडून वाचकांची माहिती मागवण्याचे अधिकार तपासयंत्रणांना मिळाले, आणि मागितल्याचं कुणाला सांगायचीही मनाई होती. २००५ मध्ये कनेक्टिकटमधल्या चार ग्रंथपालांनी अशा आदेशाला न्यायालयात आव्हान दिलं. त्यांची स्वतःची नावंसुद्धा तेव्हा उघड करता येत नव्हती. २००६ मध्ये ही तोंडबंदी उठली. ते चौघं का लढले, हे आपल्यासारख्या लहान काउंटरवर बसणाऱ्यांनी जास्त समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे वाचक आणि ग्रंथपाल एकाच गल्लीत राहतात.

वही लिहा. पण वही कुणाच्याही हाती पडली तरी वाचकाला झळ लागणार नाही, अशीच लिहा.

एम.लिब., कलिना

दुसऱ्या देशांबद्दल बोलतोय म्हणून घरचं एक सांगते. मराठी ग्रंथपालांनी कामाबद्दल लिहिणं नवीन नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालयं, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या हे सगळं तिथून उभं राहिलं. बॉर्डन परतल्यावर पुढची धुरा वाहणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर होते. आणि त्याच दशकात बडोद्याहून ग्रंथालयांना वाहिलेलं नियतकालिक निघत होतं, ज्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन भाग असत. शंभर वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या रोजच्या कामावर मराठीतून छापील मजकूर येत होता.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन तर मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला शिकायला गेले आणि तिथली ग्रंथालयं हिंडून पाहिली. त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आले. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. एकाच पुस्तकाचा शोध दर ग्रंथपालाने पहिल्यापासून करायचा, हे त्या नियमात बसत नाही. आम्हाला एम.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात, नियम पाठ करायला लावतात. काउंटरवरच्या खऱ्या नोंदी अभ्यासाला दिल्या तर मी आनंदाने त्यांच्यावर प्रबंध करीन.

लालबागची ग्रंथपाल

सगळ्यांचे मनापासून आभार. परळच्या ताई, तुमचं बरोबर आहे आणि नोंद तुम्ही सांगितली तशीच वहीत गेली आहे. कार्यवाह साहेब, रांग असताना मी लिहीत नाही. पाटीवरचा खडू घेऊन एक शब्द टिपते आणि आठनंतर, दार ओढून घेतल्यावर, वही उघडते. लिपिकही लिहू लागला आहे, त्याचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

बगदादची रोजनिशी मी शोधून वाचते आहे, रोज थोडी.

वहीतल्या तीन नोंदी इथे देते, म्हणजे रीत बरोबर आहे का ते सांगता येईल.

"लोणच्याचं पुस्तक, पण मीठ नको, ते डॉक्टरांनी बंद केलं आहे." पाकशास्त्राच्या कपाटात पाहिलं. मिठाशिवायचं लोणचं कुठेच नाही. शेवटी आहारशास्त्राच्या पुस्तकात लिंबाच्या रसातल्या भाज्यांचं एक पान मिळालं. दिलं. मिळालं.

"पोलीस भरतीला धावायचं कसं त्याचं पुस्तक." भरतीच्या मार्गदर्शकांत लेखी परीक्षाच आहे, मैदानी चाचणीला दोन पानं. क्रीडा विभागात धावण्याच्या सरावावर इंग्रजी एक आहे, मराठी नाही. मिळालं नाही. खरेदीसाठी कळवलं.

"माझे आजोबा कामगार नाटकांत बाईचं काम करायचे. त्या नाटकाची कार्यक्रमपत्रिका कुठे बघायला मिळेल?" परळच्या दामोदर हॉलमध्ये प्रयोग व्हायचे एवढं विचारणाऱ्यांना माहीत आहे. साल नक्की नाही, १९५० च्या दशकातलं असावं. नाटकाचं नाव माहीत नाही. आमच्याकडची मराठी रंगभूमीच्या इतिहासाची पुस्तकं पाहिली, व्यावसायिक मंडळ्यांची नावं आहेत, कामगारांच्या हौशी मंडळांची नाहीत. मिळालं नाही.

ही तिसरी नोंद उघडीच ठेवली आहे. गिरणगावातल्या नाट्यमंडळांच्या पत्रिका, हस्तपत्रकं किंवा स्मरणिका कुठल्या वाचनालयात, कामगार कल्याण केंद्रात किंवा कुणाच्या माळ्यावर असतील तर इथेच कळवा. विचारणाऱ्यांना मी पुढच्या शनिवारी यायला सांगितलं आहे.